मागच्या दारची पंचमी

उन्हाळ्यात चिंच फोडायला बसलं की बाकीच्या बायका चिंचोके भाजून पोरांच्या पुढ्यात टाकायच्या. तायम्मा मात्र आपल्या वाटचे चिंचोके निवडून, धुऊन, वाळवून गाडग्यात भरायची आणि ते गाडगं मागच्या दाराजवळच्या कोनाड्यात ठेवून द्यायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, “घोंगड्यांना खळ लावायला होतात.” घरात घोंगडी होती दोन. दोन घोंगड्यांना गाडगंभर चिंचोके लागत नाहीत हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण खोदून कुणी विचारत नव्हतं, कारण विचारू शकणारी बरीच माणसं कधी ना कधी त्या गाडग्याची गिऱ्हाइकं झालेली होती.

तायम्मा ही मोनप्पा पुजाऱ्याची बायको. मोनप्पा डोंगरावरच्या चेळव्वाचा पुजारी, आणि चेळव्वा म्हणजे विंचवांची आई. मल्लेगुड्डच्या त्या डोंगरावर उलटावा त्या दगडाखाली विंचू. वर्षभर गाव त्यांना दिसतील तिथे चपलेनं ठेचायचं. पंचमीला मात्र तेच गाव डोंगर चढून जायचं, दगड उलटायचं आणि विंचू हातावर, गालावर खेळवायचं. एखादा फुशारक्या गडी तर जिभेवर घेऊन दाखवायचा. त्या दिवशी विंचवाला विंचू म्हणायचं नाही, अव्वाची लेकरं म्हणायचं. लेकरं आईच्या सणाला कुणाला चावत नाहीत. चावलीच, तर ज्याच्या मनात खोट असेल त्याला.

साहजिकच कुणालाच चावत नसत. बांधावरून एकमेकांची डोकी फोडणारं, सख्ख्या भावाची म्हैस दुसऱ्याच्या गोठ्यात लपवणारं गाव त्या एका दिवसापुरतं असं निर्मळ मनाचं व्हायचं, की अव्वानं वर्षभर तशीच कृपा केली असती तर पोलीसपाटलाला बसून खावं लागलं असतं.

आणि मग दिवस कलला की तायम्माच्या मागच्या दाराची कडी वाजायची.

गोठ्याच्या बोळातून एकेक माणूस यायचं. गडी हात टॉवेलात गुंडाळून, बाई हात पदराखाली धरून. “तायक्का, आहेस का गं?” हा प्रश्न असा कुजबुजत, की जणू ती घरात असण्यातच काहीतरी वावगं आहे. तायम्मा काही बोलायची नाही. चिंचोका फोडायची, सहाणेवर थोड्या पाण्यात पांढरा होईपर्यंत घासायची आणि चावल्या जागी दाबून बसवायची. तो चिकटतो. विष उतरलं की आपोआप गळून पडतो म्हणतात. तायम्माचा इतक्या वर्षांचा अनुभव असा, की तो चिकटतो खरा, दुखायचं तेवढं दुखतंच. पण आपल्यासाठी कुणीतरी काहीतरी केलं एवढ्यानं माणसाला धीर येतो. वर तव्यावर गरम केलेल्या मिठाच्या पुरचुंडीचा शेक. बस, एवढंच तिचं वैदूपण.

शेक घेता घेता माणसं रडायची. दुखण्यानं कमी आणि शरमेनं जास्त. प्रत्येकाला वाटायचं, एवढ्या गावात चावला तो आपल्यालाच. “मलाच कसा गं, तायक्का?” असं म्हणायचं आणि मग तिनं न विचारता आपली खोट सांगून मोकळं व्हायचं. एकानं बांधाचा दगड हातभर सरकवलेला. एकीनं सासूच्या दुधात पाणी घातलेलं. एकाचं मेहुणीवर मन गेलेलं. “कुणाला सांगू नको,” म्हणून तिच्या गळ्याची शपथ घालायची आणि बोळातून निघून जायचं. बोळात दुसरं माणूस उभं असलं तर दोघंही म्हशीकडे बघत बसायची, म्हैसच बघायला आल्यासारखी.

असं सगळ्या गावाचं पाप एकट्या तायम्माच्या पोटात साठत गेलं. तिला त्याचा राग नव्हता, कीव नव्हती. होता तो नुसता शीण. पंचमी जवळ आली की तिचे खांदे आपोआप दुखायला लागायचे. गंमत अशी की सर्वांत जुनं गिऱ्हाईक खुद्द मोनप्पाच होता. पहिलं लेकरू पुजाऱ्यानं उचलायचं, त्यामुळे पहिला प्रसादही त्यालाच. पालखी लावून आला की तो अंधाऱ्या माजघरात भिंतीकडे तोंड करून हात पुढे करायचा. ती चिंचोका लावायची. तो कधी एक शब्द बोलला नाही, तिनं कधी काढला नाही. मोनप्पाची समजूत अशी, की अव्वा फक्त आपल्यावरच रागावलेली आहे. पुढच्या दारानं सगळं गाव पाया पडून जायचं, मागच्या दारानं कोण येतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

आणि तायम्मा? गावात तिची ख्याती होती. पुजाऱ्याच्या घरच्या नव्या सुनेनं पहिल्या पंचमीला माहेरी जायचं नसतं. तिनं अव्वाचं लेकरू तळहातावर घेऊन दगडापासून देवळाच्या उंबऱ्यापर्यंत चालत जायचं असतं. तायम्मा तशी गेली होती, अशी हसत, की म्हाताऱ्या बायका अजून सांगायच्या, “लेकराला अंगाई गात नेल्यावाणी गेली गं!” खरं असं होतं, की उंबऱ्याच्या अलीकडेच तिच्या मधल्या बोटावर निखारा ठेवल्यासारखं झालं होतं. ती हसत राहिली, कारण तोंड तसंच आखडून बसलं होतं. संध्याकाळी सासूनं तिला मागच्या दाराशी नेलं. कोनाड्यातलं गाडगं तेव्हा सासूचं होतं. “मी कुणाला नाही सांगितलं, अत्ती,” तायम्मा म्हणाली होती. “सांगू पण नकोस,” सासू म्हणाली, “हे घर त्या एका शब्दावर उभं आहे.” गावानं आपापल्या खोटी पुढे तायम्मापाशी सांगितल्या, तिची त्या दिवसाची खोट तिनं कुणाला सांगितली नाही.

यंदा तिच्याही घरात सून होती. हणमेशची बायको, हुलिगेम्मा.

पंचमीच्या आधी तिचा भाऊ तिला न्यायला आला. शेंगदाण्याच्या आणि तिळाच्या उंड्यांची पिशवी घेऊन ओसरीवर बसला. माहेरच्या वडाला झोका बांधलाय, सगळ्या मैत्रिणी आल्यात, आईनं वाटेकडे डोळे लावलेत, असं सगळं सांगितलं. मोनप्पानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पुढच्या वर्षी ने, बाबा. यंदा ती अव्वाची आहे.” भावानं पिशवी ठेवली आणि चहा न घेता निघाला. हुलिगेम्मा दाराच्या चौकटीला धरून तो चिंचेच्या वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. मग आत येऊन तिनं निमूट भाकरीचं पीठ काढलं.

सणाच्या आदल्या संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, “अत्ती, तुम्हाला खरंच कधी नाही चावला?”

तायम्माचा हात थबकला. सांगायची वेळ होती तर हीच होती. पण एक शब्द बोललं की त्याच्यामागं इतक्या वर्षांचं सगळं बाहेर पडणार, मग पोरगी रडणार, मग तिची समजूत काढायची, मग हणमेश विचारणार काय झालं. तायम्माला नुसत्या विचारानंच दमल्यासारखं झालं. उद्या संध्याकाळी आपणच मागच्या दाराशी नेऊ, तेव्हा सांगू, असं तिनं ठरवलं.

“चावला म्हणू नये गं,” ती म्हणाली. “भाकरी बघ, करपतीय.”

हुलिगेम्मानं भाकरी उलटली आणि पुन्हा काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी डोंगरावर पाऊल ठेवायला जागा नव्हती. भुरभुर पाऊस येऊन गेला होता, वारं गार होतं. दुरगप्पाची हलगी कडाडत होती. मोनप्पाची एक चाल असायची, ती फक्त तायम्माला कळायची: सुनांसाठी, लहानांसाठी तो काळा मोठा विंचू शोधायचा. काळा दिसायला राक्षस, पण वृत्तीनं निवांत आणि विषानं हलका. तांबड्या बारक्याच्या वाटेला तो कुणाला जाऊ द्यायचा नाही. यंदा मात्र हणमेशच्या अंगात उत्साह संचारला होता. त्याची बायको, त्याचा मान. बाप वाकायच्या आत त्यानं दगड उलटला आणि चिमटीत नांगी धरून लेकरू वर केलं. बोटाच्या पेराएवढं, तांबडं.

गाव ओरडलं. मोनप्पानं क्षणभर मुलाकडे बघितलं. दुसरा दगड उलटू म्हणावं, तर अव्वानं दिलेलं लेकरू नाकारल्यासारखं होतं आणि सगळ्यांच्या नजरा तर त्याच्यावरच. त्यानं ते हुलिगेम्माच्या तळहातावर सोडलं. तायम्मा बायकांच्या घोळक्यात उभी होती. त्याचा तांबडा रंग तिला तिथूनही दिसला.

हुलिगेम्मा चालायला लागली. डोळे हातावर, पाय चाचपडत. देवळाच्या निम्म्या वाटेवर तिचा खांदा एकदम उडाला, मागून कुणी ढकलल्यासारखा. हलगी वाजत होती, भंडारा उधळत होता, कुणाला काही दिसलं नाही. ती तशीच चालत गेली, उंबऱ्यावर लेकरू ठेवलं आणि वळून हसली. ते हसणं तायम्मानं ओळखलं.

नैवेद्याचं निमित्त सांगून ती लगबगीनं खाली घरी आली. तवा तापत ठेवला, मीठ काढलं, चिंचोके फोडले आणि मागच्या दाराशी बसून राहिली. आता हे सगळं वाचणाऱ्याला वाटेल, बाईनं तिथंच डोंगरावर सुनेचा हात धरायला काय हरकत होती? पण मागच्या दाराचा कायदा असा होता की आपण विचारायचं नाही. माणसानं आपल्या पायानं यायचं. विचारणं म्हणजे खोटीचा आळ घेणं. इतकी वर्षं ज्या कायद्यानं सगळ्यांची अब्रू राखली, तो तायम्माच्या अंगवळणी पडला होता. येईल, ती स्वतःशी म्हणाली. कळ सोसवेनाशी झाली की येईलच.

दुपारी बायका हुलिगेम्माला मिरवत घरी घेऊन आल्या आणि पुढच्या खोलीत पाटावर बसवली. जो तो तिच्या हाताला हात लावून कपाळाला लावत होता. “अगदी सासूसारखी गं!” म्हातारी गुरुबाई म्हणाली. “या घराण्याच्या बायकांचं मन म्हणजे आरसा.” हुलिगेम्मा मान खाली घालून बसली होती. एकदा ती पाणी प्यायला आत आली. तांब्या तोंडाला लावला तो रिकामाच करून ठेवला. कपाळावरून घाम निथळत होता.

“काही हवंय का तुला?” तायम्मानं विचारलं. यापेक्षा जास्त तिला विचारता येत नव्हतं. डोळ्यांनी मात्र तिनं मागच्या दाराकडे खूण केली.

“काही नको, अत्ती,” हुलिगेम्मा म्हणाली. उजव्या हाताची मूठ तिनं पदरात घट्ट धरली होती. पुढून हाक आली, ती गेली. खूण तिला कळली नाही. कळणार कशी? तिच्या लेखी तायम्मा ही कधीच न चावलेली बाई होती.

तायम्मानं मीठ पुन्हा गरम केलं.

ऊन उतरायला लागलं तशी कडी वाजली. दारात सिद्दनगौडा. गावातली एकुलती एक जीप याची, पालखीपुढे चालायचा मान याचा आणि दर निवडणुकीला हात जोडून उभा राहणारा तोही हाच. अंगठा भोपळ्यासारखा सुजलेला.

“तायक्का, यंदा जरा जोरात आहे बघ,” तो दबक्या आवाजात म्हणाला आणि भुशाच्या पोत्यावर बसला. “ते पंचायतीच्या पाइपांचं बोललो होतो ना गेल्या साली? तेच असणार. परत करतो म्हटलं होतं, राहूनच गेलं.”

“राहू दे गौडा, मला नको सांगूस,” तायम्मा म्हणाली. “हात इकडं कर.”

ती चिंचोका घासत होती, तेवढ्यात न्हाणीतून ओकण्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. तायम्मा सहाण टाकून धावली.

हुलिगेम्मा न्हाणीच्या दगडाला टेकून बसली होती. लुगडं घामानं असं भिजलेलं, की अंघोळ केल्यासारखं. तायम्मानं हात धरला तर बर्फ. पाय धरले तर बर्फ. ओठ काळेनिळे पडले होते आणि श्वास घेताना छातीत हुक्क्यासारखं गुरगुरत होतं. तायम्मानं मूठ सोडवली. तळहातावर पाहण्यासारखं काहीच नव्हतं, टाचणी टोचल्याएवढा लाल ठिपका.

“चावला ना?” तायम्मानं विचारलं. पंचमीच्या दिवशी हा प्रश्न त्या घरात पहिल्यांदाच कुणी तोंडानं विचारला असेल.

हुलिगेम्मानं मान हलवली. “नाही अत्ती. मला नाही.” आणि खोकली. ओठाच्या कोपऱ्याला फेस आला, किंचित गुलाबी.

तायम्मानं इतक्या वर्षांत सुजलेले, काळवंडलेले, बधिर झालेले हात बघितले होते. हे तिनं एकदाच बघितलं होतं, चुलत दिराच्या पोराच्या बाबतीत. ते पंचमीलाच गेलं होतं. गावानं ताप म्हटलं होतं, तिनंही तापच म्हटलं होतं. चिंचोका इथं काही कामाचा नाही हे तिला कळलं.

ती बाहेर आली. “गौडा, ऊठ. जीप काढ. हुलीला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचंय.”

“काय झालं?”

“तुला झालंय तेच. पण तांबडा होता.”

गौडाचं तोंड उतरलं. “अगं, पण... जीप खालच्या देवळासमोर आहे. हारतुरे घातलेत तिला. पालखी आत शिरल्याशिवाय कशी हलवू? आणि पुजाऱ्याच्या घरची सून, आजच्या दिवशी, लोक काय म्हणतील? जरा अंधार पडू दे. नाहीतर सकाळी नेऊ. ताप आला म्हणू.”

“सकाळी तुझी जीप कशाला लागेल?” तायम्मा म्हणाली. “सकाळी चार खांदे पुरतील.”

“तसं नव्हे गं. मोनप्पाला विचार तरी. तो हो म्हणाला तर मी आहेच की.”

त्याच्यावर ओरडावं एवढीही ताकद तायम्मात उरली नव्हती. शिवाय या भल्या माणसात आणि तिच्यात फरक तरी काय होता? दुपारपासून तीही पुरचुंडी गरम करत बसलेलीच होती.

“तिच्याजवळ बस,” ती म्हणाली. “पाठ उभी धर, आडवी करू नकोस.”

आणि ती पुढच्या दारानं बाहेर पडली. पंचमीच्या संध्याकाळी पुजाऱ्याच्या बायकोला पुढच्या दारानं बाहेर पडताना कुणी बघितलं नव्हतं. डोंगरावरून पालखी उतरते ते अव्वाचं खालचं देऊळ समोरच, अंगण ओलांडलं की. पालखी नाचत होती, सगळं गाव जमलं होतं, हणमेश गुलालानं माखून पालखीचा दांडा धरून होता. तायम्मा सरळ दुरगप्पापुढे जाऊन उभी राहिली आणि तिनं त्याच्या हलगीवर हात ठेवला. हलगी थांबली तशी सगळ्यांची तोंडं फिरली.

“माझ्या सुनेला विंचू चावलाय,” ती म्हणाली.

तो शब्द ऐकून एका बाईनं कानांवर हात ठेवले. पालखी हिंदकळून थांबली. हणमेश दांडा सोडून घराकडे धावला.

मोनप्पा पुढे आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “असं म्हणू नये,” तो हळूच म्हणाला. “आजच्या दिवशी असं म्हणू नये, तायम्मा. भंडारा लाव तिला. अव्वा बघेल.”

“भंडाऱ्यानं व्हायचं असतं तर तुमचा हात मी दरसाल कशाला शेकला असता?”

मोनप्पानं आपला हात उपरण्यात ओढून घेतला. कुणीतरी मागून म्हणालं, “सुनेच्याच मनात काहीतरी असणार मग.” आवाज गुरुबाईचा. दुपारी आरसा म्हणणारी तीच.

तायम्मानं गर्दीकडे बघितलं. इकडून तिकडे सगळे तिचेच. त्या बोटाला गेल्या साली चिंचोका, त्या मनगटाला त्याच्या आदल्या साली. गुरुबाईची टाच. बांध सरकवणारा तिथंच, मेहुणीवाला तिथंच. एकेकाचं नाव घेऊन सगळं गाव उघडं पाडायला तिला घटकाभर लागली नसती. जिभेच्या टोकावर आलंही. पण त्या सगळ्यांच्या डोळ्यांत असं भय दाटलं होतं, की तिला त्यांचाही कंटाळा आला आणि दयाही आली.

तिनं आपलंच मधलं बोट वर केलं.

“मला चावला होता,” ती म्हणाली. “पहिल्या पंचमीला. या बोटाला. तुम्ही सगळे बघत होता आणि मी हसत होते. हे पेर अजून बधिर आहे, सुई टोचली तरी कळत नाही. एवढी वर्षं तुम्ही माझ्या पाया पडता. आता काय म्हणायचंय ते मला म्हणा. पण सवडीनं म्हणा. पोरीचा श्वास अडकलाय.”

मग दुरगप्पानं गळ्यातली हलगी काढून खाली ठेवली.

“मलाबी,” तो म्हणाला. “आज सकाळीच. वाजवत होतो तेव्हा.” त्यानं पोटरी दाखवली.

“मलाबी,” कुणीतरी म्हणालं.

“मला दोनदा.”

“आता कशाला लपवायचं, मला तर दरसाल.”

एकेकाचा हात टॉवेलातून, पदरातून बाहेर यायला लागला. माणसं एकमेकांचे हात बघत होती, पहिल्यांदाच भेटल्यासारखी. “तुला पण?” “मग बोलला नाहीस का रे भाड्या, मी वर्षभर झोपलो नाही!” मधेच कुणी हसलं आणि चपापून गप्प झालं. मोनप्पा पालखीच्या कडेला मटकन खाली बसला होता. “मला वाटायचं, एकट्या माझ्यावरच कोपलीय,” तो कुणाला तरी सांगत होता. मग तायम्माकडे बघून म्हणाला, “मला कधी सांगितलं नाहीस?”

“तुम्ही कधी विचारलंत?” तायम्मा म्हणाली आणि घराकडे वळली.

गौडा तोवर दारात आला होता. सुजलेला अंगठा त्यानं झाकला नव्हता. त्यानं जीपचे हार ओरबाडून टाकले आणि गर्दीनं वाट करून दिली. हणमेशनं हुलिगेम्माला उचलून आणलं. मागच्या बाकावर तायम्मानं तिला छातीशी उभी धरली, आणि त्या खड्ड्यांच्या रस्त्यानं गौडा एका हातानं अशी जीप हाकत गेला, की पुढच्या सगळ्या निवडणुका त्याला माफ कराव्यात. वाटेत हुलिगेम्माच्या छातीतली गुरगुर वाढत गेली. ओढ्याजवळ ती एकदम थांबली, तेव्हा तायम्माला वाटलं संपलं. तिनं पाठीत धपाटे घातले, हाका मारल्या, अव्वाला शिव्या दिल्या. पलीकडच्या काठावर पोरगी पुन्हा खोकली.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानं नळी लावली, सुई दिली, गोळ्या दिल्या. “सकाळचं चावलंय ना हे? मग आत्ता आणता?” त्यानं विचारलं. हणमेशनं बापासारखं भिंतीकडे तोंड केलं.

“आमच्याकडं आज सण होता,” तायम्मा म्हणाली. त्याला काय कळायचं ते कळलं असेल. तो रात्रभर त्या खाटेपासून हलला नाही.

उजाडलं तेव्हा खिडकीतून पावसाचा वास येत होता. हुलिगेम्माच्या हाताला ऊब आली होती. हणमेश बाहेर बाकड्यावर झोपला होता. तायम्मा खाटेच्या कडेला बसून होती. पाठ मोडून गेली होती, पण टेकायचं सुचलं नव्हतं. गावात आता काय चाललं असेल, देवळाचं काय, पुजारीपणाचं काय, हे सगळं तिच्या मनात येत होतं आणि निघून जात होतं.

हुलिगेम्मानं डोळे उघडले. बराच वेळ छताकडे बघितलं, मग सासूकडे.

“अत्ती,” ती म्हणाली. आवाज फाटलेला. “मी कुणाला सांगितलं नाही.”

तायम्मानं तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

“माझ्याच मनात खोट होती,” हुलिगेम्मा म्हणाली आणि तिच्या कानांपर्यंत पाणी ओघळलं. “ते हातावर होतं ना, तेव्हा मी अव्वाचं नाव घेत नव्हते. माझ्या डोक्यात आमच्या वडाचा झोका होता. मला घरी जायचं होतं.”

खिडकीबाहेर कुणीतरी बादली आपटली. तायम्मानं आपल्या बधिर बोटाच्या हातानं तिचे डोळे पुसले. मग तो हात तसाच तिच्या गालावर राहू दिला.

“मलापण,” ती म्हणाली. “मला पण घरीच जायचं होतं गं.”